लॅपच्या वेळेतून इंधनाचा आणि टायरचा परिणाम वेगळा कसा काढावा? संदर्भ: स्पा २०२४

शर्यतवेध यांचा प्रश्न

नमस्कार. फास्ट-एफवन या पायथन लायब्ररीतून फॉर्म्युला वन शर्यतींची लॅपनिहाय माहिती उतरवून घेऊन मी तिचा अभ्यास करतो आहे. प्रत्येक लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ, त्या वेळी गाडीवर असलेला टायर, तो किती लॅप धावलेला होता, संच नवा होता की आधी वापरलेला, एवढे सगळे तिथे मिळत असल्यामुळे टायरची पकड कशी घसरत जाते हे आकड्यांतून सरळ दिसावे, अशी माझी अपेक्षा आहे. बेल्जियममधील स्पा ट्रॅकवर झालेली २०२४ ची बेल्जियन ग्रांप्री मात्र या अपेक्षेत बसत नाही.

त्या आठवड्यात शुक्रवारची दोन्ही सराव सत्रे कोरडी झाली, शनिवारी पाऊस आला आणि रविवारची ४४ लॅपची शर्यत पुन्हा कोरडी झाली. शुक्रवारच्या लांब धावा (एकाच संचावर सलग काढलेले अनेक लॅप) पाहून शर्यत दोन थांब्यांची होईल, म्हणजे टायर बदलायला पिटमध्ये दोनदा थांबावे लागेल, असाच बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जॉर्ज रसेलने दहाव्या लॅपला हार्ड (सर्वांत कडक) टायर घेतले, उरलेले ३४ लॅप त्याच संचावर काढले आणि दोनदा थांबलेल्या लुईस हॅमिल्टनच्या साधारण अर्धा सेकंद आधी अंतिम रेषा ओलांडली. नंतर त्याची गाडी ७९८ किलोच्या किमान मर्यादेपेक्षा दीड किलो हलकी भरली, तो अपात्र ठरला आणि विजय हॅमिल्टनला मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. माझा प्रश्न टायरपुरताच आहे.

पिटमध्ये शिरतानाचे आणि पिटमधून निघतानाचे लॅप वगळून मी प्रत्येक स्टिंटला (एकाच संचावर काढलेल्या सलग लॅपना) सरळ रेषा बसवली, तेव्हा शुक्रवारच्या लांब धावांतील रेषा वर चढताना दिसतात, तर शर्यतीतील हार्ड टायरच्या रेषा जवळजवळ सपाट येतात. तीस लॅप धावलेला टायर नव्याइतकाच वेग देतो, यावर माझा विश्वास बसत नाही. मग या सपाट रेषेचा अर्थ नेमका काय लावायचा, तिच्यातून टायरची खरी घसरण कशी काढायची, आणि शुक्रवार व रविवार यांच्यात एवढी तफावत का पडते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

आलेखकार यांचा प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. तुम्ही काढलेल्या रेषेचा चढ हा टायरच्या घसरणीचा चढ नाही. ती किमान तीन गोष्टींची बेरीज आहे: टायर जुना होत जातो म्हणून वेळ वाढते, इंधन जळून गाडी हलकी होत जाते म्हणून वेळ घटते, आणि ट्रॅकवर रबर बसत जाते म्हणूनही ती थोडी घटते. या तिन्हींची बेरीज शून्याच्या जवळ आली की रेषा सपाट दिसते.

आधी इंधनाचा हिशोब करू. शर्यतीच्या मध्ये इंधन भरण्यावर २०१० पासून बंदी आहे, त्यामुळे संपूर्ण शर्यतीचे इंधन सुरुवातीलाच गाडीत असते आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा ११० किलो होती. १०५ किलो धरले तर ४४ लॅपच्या शर्यतीत लॅपमागे सुमारे २.४ किलो जळते. दहा किलोमागे सुमारे ०.३ सेकंद हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा घेतला, तर केवळ इंधन घटल्यामुळे प्रत्येक लॅप आधीच्या लॅपपेक्षा साधारण ०.०७ सेकंदाने जलद व्हायला हवा. स्पाचा लॅप सात किलोमीटरचा, म्हणजे वेळापत्रकातील सर्वांत लांब असल्याने तिथे हा आकडा थोडा अधिकच असेल. रसेलच्या ३४ लॅपच्या स्टिंटला हे लावले की इंधनाने जवळजवळ २.४ सेकंद परत दिलेले असतात. इतके मिळूनही रेषा सपाट राहिली, याचा अर्थ टायरने तेवढेच सेकंद गमावले होते.

ही ०.०७ ची किंमत किती निर्णायक आहे, हे थांब्यांच्या गणितावरून लक्षात येईल. घसरण लॅपमागे एकसारखी आहे असे मानून ३४ लॅप एकाच संचावर काढले, तर पहिल्या लॅपच्या तुलनेत होणारा एकूण तोटा म्हणजे त्या दराच्या ५६१ पट. तेच ३४ लॅप १७-१७ च्या दोन स्टिंटमध्ये विभागले की तोटा २७२ पटीवर येतो. दोहोंतील फरक २८९ पट. आता पिटमध्ये जाऊन येण्याची किंमत वीस सेकंद धरली, तर घसरण लॅपमागे ०.०७ असताना दोन्ही डाव जवळपास बरोबरीत सुटतात, ती ०.१० असेल तर जास्तीचा थांबा सुमारे नऊ सेकंद मिळवून देतो आणि ०.०४ असेल तर तोच थांबा सुमारे आठ सेकंद गमावतो. लॅपमागे तीन शतांश सेकंदांच्या फरकाने संपूर्ण डाव उलटतो, आणि इंधनाची दुरुस्ती न करता बसवलेल्या रेषेत त्याच्या दुप्पट चूक सहज असते. इंधनाची दुरुस्ती करणे हा हौसेचा भाग नसून विश्लेषणाचा पायाच आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

आता खरी अडचण सांगतो. एकाच स्टिंटमध्ये लॅपचा क्रमांक आणि टायरचे वय ही दोन्ही बरोबरीनेच एकेकाने वाढतात, त्यामुळे एका स्टिंटच्या आकड्यांतून इंधनाचा परिणाम आणि टायरचा परिणाम वेगळा करणे तत्त्वतःच अशक्य आहे. रिग्रेशनमध्ये (आकड्यांना रेषा बसवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक स्टिंटला स्वतंत्र आरंभबिंदू दिलात, तर अनेक चालकांची माहिती एकत्र करूनही ही अडचण तशीच राहते. संगणक उत्तर देईल, पण त्या उत्तराला अर्थ नसेल. त्यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा की इंधनाचा परिणाम बाहेरून ठरवून घ्यायचा, तो प्रत्येक लॅपच्या वेळेतून वजा करायचा आणि उरलेल्या चढाला टायरची घसरण म्हणायचे. हे करताना दर किलोमागे ०.०२५, ०.०३ आणि ०.०४ सेकंद असे तिन्ही आकडे घालून पाहावेत. निष्कर्ष या तिन्हींवर टिकत नसेल, तर तो मांडू नये.

दुसरा मार्ग मला अधिक पटतो. ज्या चालकांनी शर्यतीत हार्डचे दोन नवे संच वापरले, त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टिंटमधील समान वयाचे लॅप समोरासमोर ठेवा, उदाहरणार्थ तीन ते सहा लॅप जुन्या टायरवरचे. चालक तोच, गाडी तीच, टायरचा प्रकार आणि वय तेच. बदललेला असतो तो फक्त शर्यतीतील लॅपचा क्रमांक. दोन्ही गटांच्या वेळेतील फरकाला मधल्या लॅपच्या संख्येने भागले की इंधन आणि ट्रॅक यांचा एकत्रित परिणाम थेट हाती येतो, आणि आपल्याला या दोघांना एकमेकांपासून वेगळे करण्याची गरजही नसते. हा परिणाम सर्वांच्या लॅपमधून वजा केल्यावर जे उरते, ते टायरचे. सर्व चालक एकत्र घेऊन रिग्रेशन करायचेच असेल, तर चालकागणिक एक आरंभबिंदू, लॅपच्या क्रमांकागणिक सर्वांना सामाईक परिणाम, आणि टायरच्या प्रकारागणिक वयाचा चढ, अशी मांडणी हेच काम करते.

मध्यक यांचा प्रतिसाद

आलेखकार यांच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत आहे. तिच्यात घालण्यापूर्वी आकडे कसे निवडावेत, एवढेच मी जोडतो.

पिटचे लॅप वगळणे पुरेसे नाही. ट्रॅकची स्थिती सांगणाऱ्या रकान्यात १ म्हणजे मोकळा ट्रॅक, २ म्हणजे पिवळा झेंडा, ४ म्हणजे सेफ्टी कार (सर्वांचा वेग रोखण्यासाठी पुढे धावणारी गाडी) आणि ६ म्हणजे व्हर्च्युअल सेफ्टी कार (तशी गाडी न आणता वेगावर घातलेली मर्यादा). एका लॅपमध्ये स्थिती बदलली तर त्या रकान्यात अनेक अंक एकत्र येतात, म्हणून केवळ ‘१’ असलेले लॅपच घ्यावेत. मग वाहतुकीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते बहुतेक हौशी विश्लेषणे इथेच कच्ची राहतात. पुढची गाडी जवळ असली की वळणांवर मागच्या गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर घटतो, टायर घसरतो आणि तापतो. ती एका सेकंदाच्या आत असली तर २०२५ पर्यंत डीआरएसमुळे (मागच्या पंखाची फळी उघडून हवेचा अडथळा कमी करणाऱ्या सोयीमुळे) सरळ भागात उलट फायदा होत असे. दोन्ही बाबतीत ती वेळ टायरची कामगिरी सांगत नाही. रेषा ओलांडताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी असलेले लॅप मी काढून टाकतो. तुमच्याच शर्यतीचे उदाहरण घ्या. अखेरच्या काही लॅपमध्ये हॅमिल्टन रसेलच्या मागे अडकला होता, तेव्हा त्याची वेळ त्याच्या टायरने नव्हे, तर रसेलने ठरवली होती. ते लॅप हिशोबात धरले, तर कमी वापरलेल्या टायरचा फायदा आहे त्यापेक्षा लहान दिसेल.

गाळणीनंतरही लॅपच्या वेळा दोन्ही बाजूंना सारख्या पसरत नाहीत. चालकाला आपल्या क्षमतेपेक्षा फार जलद जाता येत नाही, पण हळू जाण्याची कारणे असंख्य असतात. यामुळे सरासरीपेक्षा मध्यक घेणे बरे, आणि रेषा बसवताना टोकाच्या किमतींना कमी वजन देणारी पद्धत वापरावी.

आणखी एक सापळा लक्षात घ्या. तीस लॅप जुन्या टायरची माहिती फक्त त्याच गाड्यांकडून येते, ज्यांचा टायर तीस लॅप टिकला. ज्यांची पकड पंधराव्या लॅपला संपली, ते पिटमध्ये गेले आणि आलेखाच्या उजव्या टोकातून नाहीसे झाले. साहजिकच सर्वांची सरासरी काढली की जुने टायर प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चालकाची तुलना त्याच्याच आधीच्या लॅपशी करणे, आणि ज्या वयाला दोन-तीनच गाड्या उरल्या आहेत त्या वयाच्या पुढे रेषा न ओढणे.

शर्यतवेध

आलेखकार आणि मध्यक, दोघांचेही मनापासून आभार. दोन संचांच्या तुलनेची कल्पना फारच उपयुक्त आहे आणि एकाच स्टिंटच्या रेषेतून उत्तर का मिळत नव्हते, हेही आता स्पष्ट झाले. दोन गोष्टी अजून कळायच्या आहेत. शुक्रवारच्या लांब धावा आणि शर्यत यांच्यातील तफावत केवळ इंधनाने स्पष्ट होते का? आणि चालक मुद्दाम हळू चालवत असेल, तर ते आकड्यांत ओळखता येते का?

पिटवॉल यांचा प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाबद्दल: केवळ इंधनाने होत नाही. शुक्रवारच्या लांब धावेतही इंधन जळतच असते, त्यामुळे तिथेही तुम्हाला दिसणारा चढ खऱ्या घसरणीपेक्षा कमीच असतो. म्हणजे दुरुस्ती केल्यावर तफावत मिटण्याऐवजी तशीच उभी राहते. तिची कारणे दुसरीकडे आहेत.

सर्वांत आधी, तुम्ही एकाच टायरची तुलना करत आहात का, ते पाहा. नेहमीच्या शर्यतीच्या आठवड्यात प्रत्येक चालकाला कोरड्या टायरचे १३ संच मिळतात आणि त्यांत हार्डचे फक्त दोन, मीडियमचे तीन व सॉफ्टचे आठ असतात. शर्यतीत हार्डचे दोन्ही संच लागतील असा ज्यांचा अंदाज असतो, ते शुक्रवारी हार्डला हातच लावत नाहीत, त्यामुळे शुक्रवारच्या लांब धावा मुख्यतः मीडियम आणि सॉफ्टच्या असतात. त्यांच्या चढावरून हार्डचा अंदाज बांधणे म्हणजे अनुमानावर अनुमान रचणे होय. स्पाला २०२४ मध्ये सी२, सी३ आणि सी४ हे प्रकार दिले होते (क्रमांक जितका लहान तितके रबर कडक), म्हणजे त्या आठवड्याचा हार्ड सी२ होता. २०२५ मध्ये तिथेच सी१, सी३ आणि सी४ दिले गेले. हार्डची पांढरी पट्टी तीच, पण रबर वेगळे. वेगवेगळ्या वर्षांची किंवा वेगवेगळ्या ट्रॅकची तुलना करताना रंगाऐवजी सी-क्रमांक घ्यावा, हा माझा आग्रह आहे. बहारीनला २०२४ मध्ये हार्ड म्हणजे सी१ होता आणि त्याच वर्षी मोनॅकोला सी३.

ट्रॅकही तोच राहत नाही. स्पाच्या काही भागांवर २०२४ च्या शर्यतीपूर्वी नवे डांबर घातले होते, आणि त्यावर बसलेले शुक्रवारचे रबर शनिवारच्या पावसाने धुऊन निघाले. अशा पृष्ठभागावर टायर कसा वागेल, हे एका दिवसात ओळखणे संघांनाही कठीण जाते. त्याच वर्षी मोंझालाही संपूर्ण ट्रॅक नव्याने डांबरी केला होता आणि शुक्रवारी ग्रेनिंगची, म्हणजे रबराचे कण सुटून पृष्ठभागावरच चिकटण्याची, मोठी काळजी होती. शर्यतीत शार्ल लक्लेर एकाच थांब्यावर जिंकला आणि दोनदा थांबलेले मॅक्लारेनचे दोघेही मागे राहिले. ग्रेनिंगमध्ये वेळ आधी वाढते आणि तो थर झिजून गेला की पुन्हा सुधारते, त्यामुळे सात-आठ लॅपच्या सराव धावेत फक्त वाईट भाग दिसतो. त्यावर सरळ रेषा बसवून ती तीस लॅपपर्यंत ताणणे हा सरावातील माहितीचा सर्वांत धोकादायक वापर आहे.

सराव सत्रातील इंधनाचा आकडा बाहेरच्या कोणालाही कळत नाही, हेही विसरू नका. दोन संघांच्या इंधनात वीस किलोचा फरक असेल, तर लॅपमागे ०.६ सेकंदांचा फरक केवळ त्यातून पडतो, आणि इंजिन कोणत्या ताकदीवर चालवले हेही उघड नसते. शुक्रवारच्या लांब धावांवरून संघांचा क्रम लावण्याच्या मी विरोधात आहे. एकाच गाडीतील दोन टायरची तुलना मात्र त्यातून करता येते.

आलेखकार

मुद्दाम हळू चालवण्याबद्दल. हे सर्वांत मोठे मिश्रण आहे, कारण चालक टायरला जपून वेग ठरवतो आणि आपण त्याच वेगावरून टायरचा अंदाज घेतो. याचे टोकाचे उदाहरण २०२४ ची मोनॅको ग्रांप्री. पहिल्याच लॅपला लाल झेंडा लागला, तेवढ्यात सर्वांना टायर बदलता आले, दोन प्रकारचे टायर वापरण्याची अट तिथेच पूर्ण झाली आणि पुढे आघाडीचे चालक न थांबता शेवटपर्यंत गेले. टायर टिकवायचे असल्याने आणि मागच्याला ओव्हरटेक करणे अवघड असल्याने पुढच्यांनी वेग हवा तेवढा कमी ठेवला. पहिल्या दहांचा क्रम सुरुवातीच्या रांगेतील क्रमाप्रमाणेच राहिला. त्या शर्यतीच्या लॅपवेळांतून टायरची घसरण काढायला गेलात तर उत्तर शून्याखाली येईल आणि त्याला काहीही अर्थ नसेल. अशी शर्यत घसरणीच्या अभ्यासातून पूर्णपणे वगळावी.

इतर शर्यतींत टेलिमेट्रीची, म्हणजे गाडीतून येणाऱ्या वेग, थ्रॉटल आणि ब्रेक यांच्या नोंदींची, मदत होते. चालक सरळ भागाच्या शेवटी ब्रेक लावण्याआधीच थ्रॉटलचे (वेग वाढवण्याचे) पेडल सोडून गाडी घरंगळत जाऊ देत असेल, तर थ्रॉटल शून्यावर आलेला असतो आणि ब्रेक अजून लागलेला नसतो. हा अंतराचा पट्टा लॅपमागून लॅप मोजला की चालक जपतो आहे की जोर लावतो आहे ते कळते. फक्त त्या माहितीची मर्यादा ओळखून असावे. गाडीच्या नोंदी सेकंदाला सुमारे चारच मिळतात आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाला दोन नोंदींमध्ये वीस मीटरहून अधिक अंतर जाते, त्यामुळे एका लॅपचा ब्रेक-बिंदू दुसऱ्या लॅपशी पाच मीटरच्या अचूकतेने ताडून पाहता येत नाही. पाच-सहा लॅप एकत्र घेतल्यावर मात्र कल स्पष्ट दिसतो. हे पट्टे ज्या लॅपमध्ये अचानक लांबतात, ते लॅप मी घसरणीच्या रेषेत घेत नाही.

रसेलच्या बाबतीत एक भेद आवर्जून करावा. वेग न घटणे आणि रबर न झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायरचा थर पातळ होत गेला तरी तो कमी तापतो आणि काही काळ पकड टिकवून धरतो, त्यामुळे लॅपच्या वेळेत झीज दिसेलच असे नाही. त्याची गाडी वजनात कमी भरली, त्यामागे ३४ लॅपमध्ये झिजलेले रबर हे एक कारण मानले गेले. शिवाय स्पाला शर्यत संपल्यावर पूर्ण लॅप न घेता गाड्या पहिल्या वळणानंतर लगेच पिटकडे वळवल्या जातात, त्यामुळे इतर ट्रॅकवर परतीच्या लॅपमध्ये सुटे रबर टायरला चिकटून जे वजन परत मिळते, तेही तिथे मिळत नाही.

तुम्ही आता इतकेच करून पाहा: हार्डचे दोन नवे संच वापरलेले चालक निवडा, दोन सेकंदांच्या आतले लॅप गाळा, लॅपच्या क्रमांकाचा परिणाम काढा आणि तो रसेलच्या ३४ लॅपमधून वजा करा. आलेला चढ ०.०७ च्या खाली राहिला, तर एका थांब्याचा डाव आकड्यांनीही योग्य ठरतो. वर गेला, तर त्याला पुढे ठेवण्यात ओव्हरटेक करण्याच्या अडचणीचा वाटा किती होता, हे वेगळे तपासावे लागेल. आकडे आणि आलेख इथे टाकलेत, तर मी माझ्याकडील मांडणीशी ताडून पाहीन.